किडनी कमजोर असताना एप्सम सॉल्ट पोटात घेतलं तर चालतं का?

पालवी
बाबा ७० वर्षांचे. मधुमेह जुना, रक्तदाबही आहे. शेवटच्या तपासणीत क्रिएटिनिन २.४ आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज) २८ आलं. सध्या त्यांचं पोट अजिबात साफ होत नाही. मित्राने सांगितलंय, एप्सम सॉल्ट दोन चमचे पाण्यात घालून घे, सकाळपर्यंत मोकळा होशील. डबा घरातच आहे, पाय शेकायला आणलेला. त्यावर ‘मॅग्नेशियम सल्फेट’ लिहिलंय.

हेच नाव मी वहिनीच्या केसपेपरवर वाचलं होतं. आठव्या महिन्यात तिचं बीपी फार चढलं तेव्हा हे इंजेक्शन दिलं होतं आणि सिस्टर सारख्या येऊन तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या. ज्या औषधावर एवढा पहारा, ते घरी चमच्याने कसं घ्यायचं? बाबांचं एकच पालुपद, “मीठच तर आहे.”

बिनधास्त
एवढं घाबरायचं काय? लोक शेकडो वर्षं घेतायत. मीही घेतो. दोन-चारदा पळावं लागतं, की झालं.

लेबररूमवाली
बिनधास्त, तुमची मूत्रपिंडं धडधाकट आहेत म्हणून ‘झालं’. पालवी, बाबांना हे देऊ नका. डबा त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि मग पुढचं वाचा.

माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात गेली, आता निवृत्त आहे. ‘मॅगसल्फ’, म्हणजे हेच मॅग्नेशियम सल्फेट, मी असंख्य वेळा भरलंय आणि मला या औषधाबद्दल आदर आहे. गरोदरपणात बीपी चढून झटके येतात ना, त्यावर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. २००२ मध्ये मॅगपाय चाचणीचे निकाल आले. ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायका त्यात होत्या. ज्यांना हे दिलं त्यांच्यात झटके येण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं.

पण उपयोगाची पातळी आणि धोक्याची पातळी अगदी शेजारी-शेजारी आहेत. निरोगी माणसाच्या रक्तात मॅग्नेशियम साधारण २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असतं. उपचारात ते आम्ही मुद्दाम ५ ते ८ पर्यंत नेतो. ९ ते १२ च्या दरम्यान गुडघ्याचा झटका नाहीसा होतो. त्याच्यावर गेलं की श्वास मंदावतो आणि आणखी वर हृदय थांबतं. वहिनीच्या गुडघ्यावर हातोडी त्यासाठीच होती. श्वास कमी पडायच्या आधी गुडघा सांगतो.

आता तुमच्या बाबांच्या कामाची गोष्ट. नवीन मुली ड्यूटीवर आल्या की हातोडीवर फार खूष असायच्या. मी त्यांना आधी लघवीची पिशवी बघायला लावायची. शरीरात शिरलेलं जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली, श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेले किंवा गुडघा हलला नाही, तर पुढचा डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्युल उशाशी तयार. ती शोधायला कपाटाकडे धावणारी सिस्टर मला कधीच चालली नाही. आणखी एक, मॅगसल्फची अँप्युल ५० टक्क्यांची असते. ती स्नायूत खोल देतात. शिरेतून द्यायची तर पातळ करून, हळूहळू.

पोटातून घेतलं की यातलं बरंचसं आतड्यातच राहतं, पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. पण थोडं रक्तात जातंच. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम येतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज ३०० ते ४०० मिलिग्रॅमची. धडधाकट मूत्रपिंड जादाचं लघवीवाटे काढून टाकतं. ईजीएफआर २८ असलेलं ते नीट काढू शकत नाही. त्यात आतडं तुंबलेलं, म्हणजे मीठ आत जास्त वेळ पडून राहणार आणि जास्त शोषलं जाणार.

पालवी
बापरे. आणि त्यांनी गुपचूप घेतलंच तर?

लेबररूमवाली
मळमळ, चेहरा लाल होणं, गुंगी, हातपाय गळणं, नाडी मंद होणं. यातलं काही दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. गुंगी किंवा गळाठा दिसला तर सरळ रुग्णालयात न्या. किती आणि कधी घेतलं ते सांगा, डबा सोबत न्या. आणि पाय शेकण्याचंही बंद करा. जुन्या मधुमेहात तळपायाला गरम कळत नाही, भाजतं, आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीला जखमा होतात.

गोळीमास्तर
फार्मसिस्ट म्हणून थोडी भर. मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि मॅग्नेशियमवाली अँटासिड हीसुद्धा याच घरातली, बाबांसाठी तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. फॉस्फेटचा एनिमाही घरच्या घरी नको, अशा मूत्रपिंडाला तो वेगळ्या वाटेने मारतो. लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे रेचक सहसा चालतं, पण कोणतं आणि किती ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. लॅक्ट्युलोजला एक-दोन दिवस लागतात, एका रात्रीत चमत्कार मागू नका.

बिनधास्त, तुम्हीही ऐका. बागेसाठी विकतात तो माल पोटात घ्यायचा नसतो. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर मॅग्नेशियम त्यांना आतड्यातच बांधून टाकतं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. आणि रेचक आठवड्यापेक्षा जास्त दिवस लागत असेल तर दुखणं दुसरंच आहे.

लेबररूमवाली
पालवी, दोन प्रश्न राहिले. पोट फुगलंय का, उलट्या किंवा वारा न सरणं आहे का? असेल तर कोणतंच रेचक न देता आजच दाखवा. आणि बाबांना लोहाच्या गोळ्या सुरू आहेत का? त्यांनीही पोट घट्ट होतं.

पालवी
उलट्या नाहीत, वारा सरतो. लोहाची गोळी मागच्याच महिन्यात सुरू झाली! हे डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतेय, सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत घेते.