परीलोकात यंत्रं बंद का पडावीत?

अवकाळी (धागाकर्ता)

परीलोकाच्या कथा वाचताना एक गोष्ट मला फार खटकते. माणूस त्या जगात पाऊल टाकतो आणि लगेच घड्याळ थांबतं, मोबाईल बंद पडतो, बंदूक उडत नाही. का? तर तिथे जादू आहे म्हणून. एवढं सांगून लेखक मोकळा होतो.

मूळ समजुती वेगळंच सांगतात. स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या लोककथांत परीजनांना लोखंड सोसत नाही. पाळण्यावर लोखंडी चिमटा ठेवा, दाराला घोड्याची नाल ठोका, ते फिरकणार नाहीत. म्हणजे या झटापटीत हार होते ती जादूची, लोखंडाला ओरखडाही उठत नाही. मग पोलादी बंदूक परीलोकात निकामी का व्हावी? खरं तर ती नुसती खांद्याला असली तरी तिथल्या दरबाराला घाम फुटायला हवा.

मोबाईलचंच बघा. बाहेरून काच आणि अॅल्युमिनियम, आत तांबं आणि सिलिकॉन. पण स्पीकरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं आणि त्यात वजनाने निम्म्याहून जास्त लोखंडच असतं. परी फोन हातात धरू शकेल, कानाला लावू शकणार नाही. असा बारकावा कथेत आला की ते जग मला खरं वाटतं. माझ्या मते तंत्रज्ञान परीलोकात मरत नाही, ते तिथे विषासारखं भिनतं.

ओहोळ

अजिबात पटलं नाही. तुम्ही जादूचं रसायनशास्त्र करून टाकलंत.

रॉबर्ट कर्क नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1690च्या दशकाच्या सुरुवातीला परीजनांबद्दलच्या समजुती लिहून ठेवल्या. बाळंतिणीला परीजनांनी पळवू नये म्हणून तिच्या बिछान्यात काय ठेवत, तर पाव, बायबल किंवा लोखंडाचा तुकडा. तिन्ही एकाच रांगेत! पावात कुठला धातू आहे? या तिन्ही गोष्टी माणसाच्या घराच्या, त्याच्या श्रमाच्या आणि श्रद्धेच्या खुणा आहेत. हे घर राखलेलं आहे, असं त्या बजावतात.

आणि लोखंड हे मूलद्रव्यच जर विष असतं, तर प्रौढ माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतंच की. तरी परीजन माणसांची मुलं पळवतात, माणसांबरोबर रात्रभर नाचतात, सुईणीला बोलावून नेतात. तेव्हा ताकद आहे ती लोहाराच्या घणात. कारखान्यात माणसाचा हातही न लागता ओतलेला सुटा भाग परीला काही करणार नाही, असं मी म्हणेन. हाताने घडवलेला एक खिळा तुमच्या बंदुकीला भारी पडेल.

अवकाळी

रक्ताचा मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. रक्तातलं लोह धातूच्या रूपात नसतं, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. खनिजातलं लोह ऑक्सिजनने बांधलेलं असतं, म्हणून तर परीजन लालसर टेकड्यांच्या पोटात सुखाने राहू शकतात. भट्टीत कोळशाबरोबर तापवून ते बंधन तुटलं की उरतं ते मोकळं लोखंड. जाच त्याचा आहे.

यातून पुढे किती काय निघतं बघा. गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा बांधून घेणं. मग परीजनांचा बचाव गंजात आहे. परीलोक सदा धुक्याचा, दमट, दवाने भिजलेला का असतो याला यापेक्षा चांगलं कारण मला तरी सापडत नाही. कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम घातलेलं, सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील त्यांच्यासाठी भयंकरच ठरेल. ते कारखान्यात बनलं की घणाखाली, याने काय फरक पडतो?

मुशाफिर

एक आठवण करून देतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक इंजिनातल्या बिघाडाचं खापर ग्रेमलिन नावाच्या खट्याळ जीवांवर फोडत. म्हणजे लोककल्पनेने यंत्राच्या पोटातही त्यांना घर दिलं. एवढं लोखंड भोवती असून! दोघांनीही याचं उत्तर द्यावं.

काजवा

तुम्ही दोघं धातूतच अडकलात. यंत्रांची खरी पंचाईत काळाने होते. परीलोकातला एक दिवस म्हणजे इकडची शंभर वर्षं धरू. तिथला काळ साधारण 36,500 पट संथ. मग इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक लहरीची वारंवारता तेवढ्याच पटीने वाढणार. 900 मेगाहर्ट्झचा मोबाईल सिग्नल तिथे पोचेल तो जवळपास नऊ मायक्रोमीटरच्या अवरक्त लहरी होऊन. माणसाच्या अंगातून जी ऊब बाहेर पडते, तिचा जोर याच्याच आसपास असतो. फोन बंद पडलेला नसेल, पण आपला आवाज परीलोकात ऊब होऊन पोचेल!

आणि सूर्यप्रकाश? त्याचे होतील क्ष-किरण. म्हणून परीलोक जमिनीखालीच हवा. ओहोळ यांनी सांगितलेल्या कर्कच्याच लिखाणात परीजनांचे दिवे आणि शेकोट्या इंधनाशिवाय अखंड जळतात. उघड्या आकाशाखाली राहता येत नाही, त्यांनाच असे दिवे लागणार.

ओहोळ

काजवा, गणित सुंदर आहे. पण ते कथेला लागू पडत नाही. आयरिश कथेतला ओशीन तीनशे वर्षांनी परत येतो. घोड्यावर बसलेला असतो तोवर तरुणच. घोड्यावरून पडतो, पाय जमिनीला लागतात आणि क्षणात जख्ख म्हातारा होतो. नुसता काळ संथ असता तर तो तरुण परतला असता आणि तरुणच राहिला असता. जमिनीला पाय लागू देऊ नकोस, अशी अट त्याला घातली होती. ती मोडली म्हणून तीनशे वर्षं एकदम वसूल झाली. परीलोकात सगळं वचनावर चालतं. तिथलं अन्न खाल्लं की अडकलात, खरं नाव दिलं की अडकलात.

यंत्राला ना नाव, ना भूक, ना दिलेला शब्द. मुशाफिर, तुमचं उत्तर यातच आहे. ग्रेमलिन इंजिनात राहू शकतो, कारण इंजिन त्याला हाकलू शकत नाही. उंबऱ्यावरच्या खिळ्यामागे माणसाचा हेतू उभा असतो. कारखान्यातल्या नटामागे कोणाचा आहे?

अवकाळी

विमानातला प्रत्येक नट कोणीतरी पान्याने आवळलेला असतो, आपला माणूस सुखरूप परत यावा म्हणून. तो हेतू का धरत नाही, हे तुम्हाला सांगावं लागेल. आणि यंत्र कोणाचंच देणं लागत नसेल, तर ओशीनच्या मनगटावर घड्याळ असतं तर ते तिथेही आणि परतल्यावरही बिनचूक चाललं असतं. म्हणजे घड्याळ थांबतं हा नियम तुमच्याही हिशोबाने चुकीचाच. तेवढं मान्य करा, बंदुकीचं नंतर बघू.