पावसात गाडी तिसऱ्या गिअरला अडकते, टीसीएम (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) बदलायचाच का?

बार्देश_सेदान (म्हापसा)

२०१४ची पेट्रोल सेदान, सहा-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, ९२ हजार किलोमीटर. पाऊस लागल्यापासून चालत्या गाडीत मध्येच झटका बसतो, मग गाडी तिसऱ्यातच राहते आणि मीटरवरचा डी मिचमिचतो. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की कधी सुधारते, कधी नाही. दोन दिवस ऊन पडलं की त्रास शून्य. स्कॅनरवर पी०७०० आणि यू०१०१. ऑइलची पातळी आणि रंग ठीक. टीसीएम बॅटरी ट्रेच्या खाली बसवलाय. गॅरेजचं म्हणणं, मॉड्यूल गेला, नवा घाला. कुर्ल्याहून जुना पाव किमतीत मिळतोय. मल्टिमीटर आहे, वापरता येतो. नवा घेऊ, जुना घेऊ की आधी आणखी काही तपासू?

फोंडा_वायरिंग

पैसे तूर्त खिशातच राहू द्या. पी०७०० इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, आपल्या मनाने लावत नाही. टीसीएमने ‘माझ्याकडे बिघाड आहे, दिवा लाव’ असं कळवलं की लागतो. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी बोलणंच तुटलं. कायमचा मेलेला मॉड्यूल निरोप कुठून पाठवणार? म्हणजे तो मधूनच जातो आणि मधूनच परत येतो, तोही ओल असताना. आधी संशय पुरवठा, अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) आणि कपलरवर (वायरांचा प्लग) घ्यायचा. तिसरा गिअर का, तर वीज तुटली की सगळे सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या झडपा) सुटतात आणि व्हॉल्व्ह बॉडी (झडपांचा ठोकळा) जिथे आपोआप स्थिरावते तो गिअर तुमच्या गाडीत तिसरा आहे. गिअरबॉक्सला त्यात दोष नाही.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. ट्रान्समिशन मॉड्यूल वेगळा उघडणाऱ्या स्कॅनरने आत काय साठलंय ते बघा. तिथे पी०५६२, म्हणजे कमी व्होल्टेज, असेल तर दिशा पक्की. पी०६०१, पी०६०४ किंवा पी०६१३ असेल तर मॉड्यूलच्या मेमरीवर किंवा प्रोसेसरवर संशय रास्त, पण तेव्हाही पुरवठा मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

आता मोजमाप. बॅटरी आरामात १२.६च्या आसपास हवी, स्टार्टर मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, मग टीसीएमचा कपलर लीव्हरने सोडवा. वायर धरून ओढायचं नाही. टॉर्च लावून प्रत्येक पिन बघा. मोरचुदासारखी निळी-हिरवी भुकटी दिसली तर तांबं गंजलंय. वायर पिनजवळ कडक आणि आतून काळी असेल तर पाणी इन्सुलेशनमधून वर चढलंय. तिथे नुसता स्प्रे मारून भागत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून नवी पिन क्रिंप करावी (पक्कडीने दाबून बसवावी) लागते. सँडपेपर नको, पिनवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज येतो.

बॅटरी परत जोडा, इग्निशन ऑन करा आणि सुट्या कपलरमध्ये पुरवठ्याची पिन व अर्थची पिन यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. कुठली पिन कुठली ते गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून, अंदाजाने नाही. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. तो करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी १२ व्होल्ट दाखवेल. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे खरं कळतं. तो पेटलेला असताना बॅटरी निगेटिव्ह ते अर्थ पिन मोजा: ०.१ व्होल्टच्या आत हवं. बॅटरी पॉझिटिव्ह ते पुरवठ्याची पिन: ०.२च्या आत. प्रोबचं जाड टोक पिनमध्ये खुपसू नका, पिन फाकते आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट होतो. बारीक टाचणी वायरच्या बाजूने, रबर सीलच्या कडेने घाला.

शेवटी कॅन, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन. बॅटरी काढलेली असताना ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतो तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून साधारण ६० यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर शॉर्ट. गाडीत गेटवे (सॉकेट आणि आतली लाइन वेगळी ठेवणारा मॉड्यूल) असेल तर या सॉकेटवर आतल्या लाइनचं चित्र दिसत नाही, मग टीसीएमच्या कपलरवरच मोजा.

मडगाव_कोडिंग

वरच्याशी सहमत. तरी मॉड्यूल बदलायची वेळ आलीच तर काय करायचं ते लिहितो, कारण नवा बसवून गाडी आधीपेक्षा वाईट चालते अशी तक्रार नेहमीची आहे.

जुना काढण्यापूर्वी त्याचा हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, व्हेरियंट कोडिंग (गाडीच्या प्रकाराची सेटिंग) आणि अ‍ॅडॅप्टेशनचे (मॉड्यूलने चालता चालता शिकलेले) आकडे स्कॅनरने जतन करा. तो बोलायचाच बंद झाला की हे परत मिळत नाही. काही गिअरबॉक्सना सोलेनॉइडच्या भरपाईचा कोड असतो, तो गिअरबॉक्सवरच्या लेबलवर छापलेला असतो. चिखल पुसून फोटो काढा.

नवा जोडण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या बाजूने प्रत्येक सोलेनॉइड मोजा. ऑन-ऑफ प्रकारचा बहुधा ११ ते १५ ओहम, दाब सांभाळणारा लिनिअर ५च्या आसपास, शेवटचा शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. एखादा शॉर्ट असेल तर जुन्या मॉड्यूलमधला ड्रायव्हर (सोलेनॉइड चालवणारं सर्किट) त्यानेच जाळलाय आणि नव्याचाही जाळेल.

प्रोग्रामिंगच्या वेळी बॅटरीला स्टॅबिलायझर हवा, साधारण साडेतेरा व्होल्ट, स्थिर. साधा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज थरथरतं. आणि आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा स्टॅबिलायझर इन्व्हर्टरवर आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज. अर्ध्यावर तुटलेलं फ्लॅशिंग म्हणजे नवाकोरा पेपरवेट.

मग व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) लिहा, व्हेरियंट कोड करा, कोड पुसा, अ‍ॅडॅप्टेशन शून्य करा. ऑइल मॅन्युअलने दिलेल्या तापमानाला आलं की ब्रेक दाबून एन-डी, एन-आर चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी गिअर धरेपर्यंत थांबून. नंतर हलक्या पायाने एकेक गिअर वर चढू द्या, पाय सोडून गाडी थांबेपर्यंत घरंगळू द्या, आठ-दहा फेऱ्या. पर्वरीच्या गर्दीत हे जमत नाही, सकाळी लवकर मोकळा सपाट रस्ता धरा. चोर्ला घाट त्यानंतर, लोडवर गिअर नीट उतरतात का ते बघायला.

कुर्ल्याचा जुना घ्यायचाच तर नुसता गाडीचा मॉडेल जुळून उपयोग नाही, दोन्ही नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवेत. आधीच्या व्हीआयएनशी किंवा इमोबिलायझरशी (चोरी रोखणारी यंत्रणा) बांधलेला असेल तर गाडी तो स्वीकारणारच नाही. परत घेण्याची लेखी हमी नसेल तर सोडून द्या.

डिचोली_एएमटी

एक पुस्ती. हे सगळं टीसीएम बाहेर असलेल्या गाड्यांचं. ड्राय क्लच डीसीटीत (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) तो बहुधा मेकाट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सवरचं झडपा-इलेक्ट्रॉनिक्सचं एकत्र युनिट) आत असतो, ते काम घरचं नव्हे. एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्राने) बदलल्यावर क्लचचा किस पॉइंट (क्लच धरायला लागतो ती जागा) आणि गिअरच्या जागा पुन्हा शिकवाव्या लागतात, नाहीतर गाडी जागची हलत नाही.

आणि कपलरमध्ये पाण्याऐवजी तेल दिसलं तर? मर्सिडीजच्या ७२२.६ पाच-स्पीडमध्ये गिअरबॉक्सच्या १३ पिनच्या प्लगची ओ-रिंग गळते आणि ऑइल हार्नेसमधून चढत थेट टीसीएमपर्यंत जातं. तिथे आधी प्लगची बुश बदलायची, मॉड्यूल नंतर.

बार्देश_सेदान (म्हापसा)

मोजलं. कॅन ६१ ओहम. बल्ब मंद पेटला. पॉझिटिव्हच्या बाजूला ०.१, पण अर्थ पिनवर ०.८. कपलरच्या पिना स्वच्छ. मात्र ट्रेखालची फोमची पट्टी ओली आहे.

फोंडा_वायरिंग

सापडला चोर. ०.८ भागिले पावणेदोन, म्हणजे जवळजवळ अर्धा ओहम फक्त अर्थमध्ये. तीन-चार सोलेनॉइड एकदम ओढले की मॉड्यूलचा अर्थ दीड-दोन व्होल्ट वर उचलला जातो, त्यात ओलीने आणखी भर पडली की तो रीसेट होतो. यू०१०१ तिथून येतो.

ती अर्थची वायर बॉडीवर जिथे बोल्टने बसते ते टोक शोधा, बहुधा ट्रेच्या खालीच. बोल्ट काढा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा पितळी ब्रशने उजळ करा, लगच्या आत वायर काळी असेल तर नवा लग क्रिंप करा. घट्ट बसवा आणि मग वरून ग्रीस लावा, आधी नको. पुन्हा बल्ब लावून ०.१च्या आत येईपर्यंत सोडू नका. बाकी ओहम वायरच्या मध्यात लपलेला असेल तर त्याच जाडीची नवी वायर टाका.

ओला फोम मात्र वेगळं प्रकरण आहे. वायपरखालच्या जाळीतलं पाणी उतरायची नळी आंब्या-फणसाच्या पातेऱ्याने तुंबते आणि पाणी बॅटरीच्या बाजूने ओघळतं. वरून लिटरभर पाणी हळूहळू ओता आणि खाली कुठून पडतं ते बघा. फोम फेकून द्या, तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. हार्नेस कपलरच्या खाली एक झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळातून गळतील, पिनपर्यंत जाणार नाहीत.

कोड पुसून दोन चांगल्या सरींमध्ये चालवा. यू०१०१ परत आला तर मडगाववाल्यांची यादी उघडा, तोवर कुर्ल्याला फोन नको.