१९७ न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या) केंद्रकाला तापमान कसं काय? फ्रॅगमेंटेशनचं स्टॅटिस्टिकल मॉडेल कोणी समजावेल का

तापीकाठ (अमळनेर)
एमएस्सी फिजिक्स सेकंड इयरला आहे, प्रोजेक्ट मल्टिफ्रॅगमेंटेशनवर (तापलेलं केंद्रक फुटून त्याचे बरेच तुकडे होणं) घेतलाय. पेपरात सरळ लिहितात की सोन्याची केंद्रकं आपटली, उरलेला तुकडा तापला, तापमान ५ एमईव्ही (ऊर्जेच्या एककात), लावा पार्टिशन फंक्शन (शक्य त्या सगळ्या अवस्थांची वजनासकट बेरीज). पण भो सोन्यात न्यूक्लिऑन सगळे मिळून १९७ आणि टक्कर १० चा उणे २२ वा घात इतक्या सेकंदांच्या आसपास उरकते, मग समतोल यायला वेळ कुठे? आणि ५ एमईव्ही म्हणजे ५८०० कोटी डिग्री, ते मोजलं कशाने? सर म्हणतात आधी कोड चालव, पण मला आधी हे कळायला पाहिजे.

निंबोळी (धुळे)
प्रश्न एकदम बरोबर आहे भाऊ. एका टकरीचं तापमान हा विचार आधी सोड. टकरी लाखोंनी होतात, दरवेळी तुकडे वेगळे पडतात, मॉडेल एवढंच म्हणतं की ऊर्जा, चार्ज, वस्तुमान जपून जेवढ्या प्रकारे तुटता येतं त्या प्रत्येकाला त्याच्या फेज स्पेसच्या (कणांच्या शक्य जागा आणि संवेगांच्या) वजनाने संधी मिळते. केंद्रक फुगतं, नेहमीच्या ३ ते ६ पट आकारमानाला तुकडे एकमेकांपासून सुटतात, त्याला फ्रीझ-आउट म्हणतात, हिशोब फक्त त्या क्षणाचा.
मोजायचं म्हणशील तर हेलियम-३, हेलियम-४, लिथियम-६, लिथियम-७ यांच्या प्रमाणावरून. जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेच्या अलादिन गटाने १९९५ मध्ये हेच करून दाखवलं, दर न्यूक्लिऑनमागे ३ ते १० एमईव्ही ऊर्जा वाढत गेली तरी तापमान ५ च्या आसपासच थांबलं, पातेल्यातलं पाणी उकळताना थांबतं तसं. मला आजही हा ग्राफ बघून भारी वाटतं.

कापूसवाडी (चोपडा)
मॉडेल डेटाशी जुळलं म्हणून समतोल आलाच असं होत नाही हं, हे प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिही. खरा पुरावा वेगळा आहे. अलादिननेच सोनं कार्बन, अॅल्युमिनियम, तांबं, शिसं अशा वेगवेगळ्या टार्गेटवर मारलं आणि मधल्या आकाराच्या तुकड्यांची सरासरी संख्या झेड-बाउंडसमोर (२ किंवा जास्त चार्जच्या सगळ्या तुकड्यांच्या चार्जची बेरीज) मांडली तर सगळे पॉइंट एकाच वक्रावर बसले. म्हणजे तुकडा कसा तापला हे तो विसरलेला असतो, किती तापला तेवढंच उरतं. पण हे बाजूने घासून गेलेल्या तुकड्यांचं झालं, समोरासमोर टकरीत सगळं बाहेर फेकलं जातं, तिथे फ्लो (सगळ्या कणांचा मिळून वाहण्याचा वेग) येतो आणि नुसत्या स्टॅटिस्टिकलवर भागत नाही, क्यूएमडीसारखं, न्यूक्लिऑनची हालचाल क्षणाक्षणाला मोजणारं डायनॅमिकल मॉडेल लागतं.

तापीकाठ
आत्ता कुठे डोक्यात शिरलं, खूप आभार दोघांचे. पण तुटण्याचे सगळे प्रकार मोजायचे म्हणजे लॅपटॉप बसेल ना?

निंबोळी
एकेक मोजत बसलास तर बसेलच. नुसत्या १०० या संख्येचे भाग पाडायचे प्रकार १९,०५,६९,२९२ होतात (हार्डी-रामानुजनचं १९१८ चं सूत्र याच मोजणीचं), वर प्रोटॉन-न्यूट्रॉन वेगळे धरले तर विचारूच नको. म्हणून कॅनॉनिकल मॉडेलमध्ये (तापमान आणि कणसंख्या ठरवून घेतलेलं) रिकर्शन वापरतात, म्हणजे लहानाच्या उत्तरावरून मोठ्याचं काढायचं. ० कणांचं पार्टिशन फंक्शन १ धर, मग ए कणांचं फंक्शन म्हणजे १ पासून ए पर्यंत प्रत्येक के साठी के गुणिले ओमेगा-के (के कणांच्या एकाच तुकड्याचं फंक्शन) गुणिले उरलेल्या ए वजा के कणांचं फंक्शन, सगळ्याची बेरीज, भागिले ए. लहान केंद्रकापासून वर चढत जायचं, सेकंदात होतं. ओमेगात आकारमान, तापमान आणि तुकड्याची स्वतःची ऊर्जा येते, आकारमानाची १६ आणि पृष्ठभागाची १८ एमईव्हीच्या आसपास. आकडे प्रचंड वाढतात म्हणून लॉग घेऊनच चालव.

कापूसवाडी
आणि हे तुकडे गरमच असतात, डिटेक्टरपर्यंत जाताना न्यूट्रॉन, अल्फा सोडत थंड होतात. ते बाष्पीभवन न जोडता डेटाशी तुलना करू नको, बरेच जण तिथेच फसतात. त्याच्याही आधी कोड तपास, के आकाराचे तुकडे सरासरी किती ते काढ, त्याला के ने गुण, सगळ्यांची बेरीज बरोबर ए आली पाहिजे. नाही आली तर कोड इथे टाक, रात्री बघतो.