उजवी कोरोनरी डाव्या सायनसमधून: सिंहगड चढू द्यावा का?

कोथरूडकर: मुलगा १६ वर्षांचा, फुटबॉल खेळतो. पळताना छातीत दुखलं म्हणून इको केला, त्यात हे निघालं: हृदयाला रक्त पुरवणारी उजवी धमनी (कोरोनरी) महाधमनीच्या मुळाशी उजव्याऐवजी डाव्या फुगवट्यातून (सायनस) निघते. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल आहे. मग खेळायला हरकत नाही ना?

स्पंदन: हरकत आहे. फुटबॉल आणि सिंहगड दोन्ही सध्या बंद. या दोषात टीएमटी नॉर्मल येऊनही धोका राहू शकतो, त्यामुळे त्या कागदावर विसंबू नका. ईसीजी-गेटेड सीटी कोरोनरी अँजिओग्राफी (ठोक्यांशी जुळवून काढलेला कोरोनरी धमन्यांचा सीटी स्कॅन) करा. धमनीचं तोंड गोल आहे की फटीसारखं, ती किती तिरकी निघते, महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या मधून जाते का, महाधमनीच्या भिंतीतून किती मिलिमीटर जाते, हे रिपोर्टात लिहून मागा. भिंतीतला तुकडा जोरदार व्यायामात दबतो आणि रक्त कमी पडतं.

पेठकरीण: सीटीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) तपासतात, ठोके ६०च्या आसपास आणायला बीटा ब्लॉकर देतात. दमा असेल तर आधीच सांगा.

कोथरूडकर: म्हणजे ऑपरेशन अटळ?

स्पंदन: तसं नाही. डावी कोरोनरी उजव्या सायनसमधून निघून दोन धमन्यांच्या मधून जात असेल, तर लक्षणं नसतानाही बहुधा सर्जरी सुचवतात. उजवीचा निर्णय लक्षणं आणि स्ट्रेस इमेजिंगवर (हृदयावर ताण देऊन काढलेल्या प्रतिमांवर) ठरतो. तुमच्याकडे लक्षण आहे, म्हणून जन्मजात हृदयदोषांच्या सर्जनचं मत घ्याच. भिंतीतला भाग लांब असेल तर अनरूफिंग करतात: तो आतून उघडून तोंड रुंद करतात. त्यानंतर निदान ३ महिने स्पर्धा नाही, मग पुन्हा स्ट्रेस टेस्ट.

पेठकरीण: कोचला आजच कळवा. मुलगा कोसळला आणि श्वास नीट नसेल तर १०८ला फोन, लगेच छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०. मैदानावर एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) कुठे आहे तेही विचारा.