उसाची बिलं थकली, तर साखर कारखान्याचे चेअरमन म्हणतात 'दिल्लीने हात बांधलेत'. खरं का?

शिवारकर: ऊस जाऊन दीड महिना झाला, बिल नाही. चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा कायदा आहे ना?

डिस्टिलरीवाला: मी एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट काढतो. चेअरमन अर्धं खरं बोलतायत. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात थोडी सूट दिली, पण आमच्या टाक्या रिकाम्याच राहिल्या आणि प्लांटच्या कर्जाचे हप्ते सुरूच. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला किलोला ३१ रुपये केला, पुढे वर्षानुवर्षं तसाच. एफआरपी मात्र क्विंटलला २७५ वरून २०२५-२६ साठी ३५५. ती वाढायलाच हवी होती, पण पैसा आणायचा कुठून?

बांधावरून: मग त्याच धोरणात शेजारचा कारखाना वेळेवर बिल कसं देतो? आमच्याकडे निवडणुकीआधी गरज नसताना नोकरभरती झाली, ती दिल्लीने केली नाही. त्यात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट, त्यामुळे ऊस घालायला दुसरा पर्यायही जवळ नाही.

डिस्टिलरीवाला: मान्य. शिवारकर, साखर आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या, उशिराचं १५ टक्के व्याजही मागा. आरआरसी (थकबाकी महसुलासारखी वसूल करायचा आदेश) निघाली की कलेक्टर साखर जप्त करू शकतात.