सच्छिद्रता, पार्यता की पारगम्यता?

रावपुरा : भाचा कॉलेजच्या मराठी भित्तिपत्रकासाठी गुजरातच्या खंभात खोऱ्यातल्या तेलावर लिहितोय. पोरोसिटी आणि परमिएबिलिटी, दोन्हींना त्याने 'सच्छिद्रता' लिहिलंय. म्हणतो, "मामा, भोकं ती भोकंच." चालेल का?

दांडिया बाजार : नाही हो. सच्छिद्रता म्हणजे दगडाच्या घनफळात पोकळी किती टक्के. त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. विहीर रोज किती देईल ते त्या पोकळ्या एकमेकींना कशा जोडल्यात यावर ठरतं, आणि ती परमिएबिलिटी. तिचं एकक डार्सी. आँरी डार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी वाहण्याचा नियम १८५६ साली मांडला, त्यांच्या नावावरून. मराठीत 'पार्यता' म्हणावं.

मांडवी : पार्यता कानाला परकं वाटतं. हिंदीतलं पारगम्यता निदान कळतं तरी. नाहीतर सरळ 'जाळी' म्हणा की! जाळी चांगली पडली तर तेल चांगलं.

दांडिया बाजार : जाळी नुसती दिसून उपयोग नाही, ताई. खमणावर फोडणीचं पाणी ओतल्यावर ते तळापर्यंत मुरलं, तर पार्यता. वरच राहिलं, तर नुसती सच्छिद्रता.

सयाजीगंज : निवृत्त माणूस आहे, फील्डवर बरीच वर्षं काढली. आम्ही आपले 'पोरोसिटी आहे, पण पर्म नाही' एवढंच बोलायचो. शेलचं, म्हणजे चिकणमातीच्या पातळ थरांच्या दगडाचं, तसंच असतं. पोकळी बऱ्यापैकी, पण मधल्या वाटा इतक्या बारीक की तेल हलत नाही. सारख्या आकाराचे गोल कण सारख्याच पद्धतीने रचले तर कण मोठे असोत की लहान, पोकळीचे टक्के तेवढेच. कणाचा व्यास निम्मा केला की पार्यता मात्र साधारण चौथाईवर येते. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं ते वालुकाश्मात, तिथे दोन्ही गोष्टी जमून आल्या.

उलटं उदाहरण आपल्या बडोद्याजवळच्या पाद्र्याचं. तिथे तेल चक्क दख्खनच्या काळ्या दगडात सापडलं. अखंड बेसॉल्टमधून तेल वाहत नाही, पण भेगांनी वाट करून दिली.

आणि दगड चांगला असूनही विहीर रडते, हेही पाहिलंय. खोदताना विहिरीत सोडलेल्या मडचे, म्हणजे चिखलासारख्या द्रवाचे, बारीक कण विहिरीलगतच्या छिद्रांत जाऊन बसतात. साठा तसाच, फक्त शेवटच्या हातभर अंतरात वाट बुजलेली. मग ॲसिड सोडून ती मोकळी करायची.

मांडवी : मग मेहसाण्याचं जाड तेल निघत नाही, तिथेही पार्यता कमी म्हणायची?

सयाजीगंज : नाही, तिथे दोष दगडाला लावू नका. पार्यता दगडाची, दाटपणा तेलाचा. तिथल्या बालोल, सांथाल या तेलक्षेत्रांत जमिनीखाली हवा सोडून थोडं तेल जाळतात, त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन सरकतं. दगड होता तसाच राहतो.

रावपुरा : पटलं. पार्यताच लिहायला सांगतो, शेजारी 'परमिएबिलिटी' देवनागरीत. आता त्याचा पुढचा प्रश्न, 'इफेक्टिव्ह पोरोसिटी'ला काय लिहू? 'प्रभावी सच्छिद्रता'?

दांडिया बाजार : प्रभावी नको, भाषणातला शब्द वाटतो. 'जोडलेली सच्छिद्रता' लिही म्हणावं. प्युमिस दगड पोकळ्यांनी भरलेला, तरी पाण्यावर तरंगतो, कारण कितीतरी पोकळ्या बंद असतात आणि पाणी पटकन आत शिरत नाही. असल्या बंद पोकळ्या यातून वगळायच्या.