फ्रीमाँट (कॅलिफोर्निया): स्कॅनरवर आवाज तुटतोय

खाडीकाठ: मागच्या डोंगराला वणवा लागला की धुराचा वास आधी येतो, बातमी नंतर, म्हणून अग्निशमन दलाचं, पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा स्कॅनर घेतला. अलामेडा आणि काँट्रा कोस्टा काउंटीतल्या गावांची ईस्ट बे ही सामायिक रेडिओ यंत्रणा लावली. सिग्नल पूर्ण, तरी अग्निशमनवाले पत्ता सांगतात तोच नेमका गिळला जातो. अँटेनाही बदलून झाली.

बिनतारी: ताई, अँटेनाचा दोष नाही. इथे अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच बोलणं पाठवतात. ते किंचित मागेपुढे पोचतं आणि साधा डिजिटल स्कॅनर गोंधळतो. एकच मनोरा जोरात येईल असा आडोसा शोधा. नाहीतर युनिडेन कंपनीचा एसडीएस१०० स्कॅनर घ्या. तो हे बऱ्यापैकी सांभाळतो.

खाडीकाठ: फ्रिजमागच्या कोपऱ्यात ठेवला, घर क्रमांकासकट ऐकू आलं! खूप आभार. पोलिसांचं मात्र काहीच नाही?

सांजवात: पुष्कळ खात्यांनी ते एन्क्रिप्ट केलंय, म्हणजे बाहेरच्यांना कळू नये असं सांकेतिक केलंय. लोकांची खासगी माहिती उघड्यावर जाऊ नये, असं राज्याच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये बजावलं. पण त्याला दुसरे मार्गही होते. जवळच्या पालो आल्टो शहराच्या पोलिसांनी २०२१ मध्ये बंद केलेलं बोलणं २०२२ मध्ये पुन्हा खुलं केलं. आपल्या गावांनीही तसंच करावं, असं मला मनापासून वाटतं.